महागडं ऑफिस पॅकेज सोडावं का? आधी आपल्या फायली उघडून बघा

प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा संगणकांचं छोटं कार्यालय आहे. रोजचं काम म्हणजे पत्रं, कोटेशन, हिशेबाच्या शीट आणि अधूनमधून एखादं प्रेझेंटेशन. वर्ड-एक्सेलच्या पॅकेजची वार्षिक वर्गणी दर वेळी डोळ्यांत खुपते. लिबरऑफिससारखं फुकट पॅकेज घेतलं तर जुन्या फायली मोडतील का, बाहेरचे लोक कुरकुर करतील का, आणि शेवटी हे सगळं आणखी महागात पडेल का?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. तुमच्या बहुतेक खुर्च्यांना फुकटचं पॅकेज व्यवस्थित पुरेल. एक-दोन खुर्च्यांना कदाचित पुरणार नाही. त्या कोणत्या, हे सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवून कळत नाही. कार्यालयं एका पॅकेजवरून दुसऱ्यावर नेण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि 'कोणतं पॅकेज चांगलं' या वादात गेलेला वेळ वायाच गेलेला पाहिलाय. आधी बघायच्या असतात आपल्या फायली: त्या कुठून येतात, कुठे जातात, आणि आपल्याखेरीज त्यांत कोण हात घालतं.

म्हणजे काय करायचं? सामाईक फोल्डर उघडा आणि गेल्या वर्षभरात बदललेल्या फायली तारखेनुसार लावा. जे कागद तुम्ही तयार करता आणि समोरच्याला फक्त वाचायला पाठवता, म्हणजे पत्रं, कोटेशन, बिलं, अहवाल, ते पीडीएफ म्हणूनच जायला हवेत. मग ते कशात बनवले हे समोरच्याला कळायचं कारणच नाही. घरातल्या घरात फिरणाऱ्या फायलींचंही तसंच, सगळ्यांकडे एकच पॅकेज असलं की प्रश्न मिटला. खरी डोकेदुखी असते ती दोन्हीकडून दुरुस्त्या होत येणाऱ्या-जाणाऱ्या फायलींची. वकिलाकडून करार येतो, त्यात लाल-निळ्या दुरुस्त्या, समासात शेरे. तुम्ही त्यात भर घालता, तो परत पाठवतो, असे पाच-सहा फेरे. लिबरऑफिस या दुरुस्त्या वाचतं आणि लिहितंही, पण प्रत्येक फेरीत क्रमांकन, तक्त्यांच्या कडा, तळटीपा यांत बारीकसारीक काहीतरी सरकू शकतं. हे काम ज्याच्या टेबलावर रोज चालतं त्याचा परवाना राहू द्या. त्यात कमीपणा काही नाही.

फायली 'मोडतात' म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा समजून घेतलं की निम्मी भीती जाते. डॉकएक्स, म्हणजे वर्डची नेहमीची फाइल, ही खरं तर एक झिप केलेली पुरचुंडी असते. आत मजकूर, शैली (एक्सएमएल या खुणांच्या भाषेत) आणि चित्रं वेगवेगळी ठेवलेली असतात. ही मांडणी 2006 मध्ये एक्मा या संस्थेने आणि 2008 मध्ये आयएसओने मानक म्हणून स्वीकारली. त्याआधीच, 2006 मध्ये, ओडीएफ हे खुलं मानक आयएसओकडे मान्य झालं होतं, आणि लिबरऑफिसची मूळ मांडणी तीच आहे. म्हणजे कागदावर दोन्ही मानकं. पण डॉकएक्सच्या मानकात जुन्या वर्डच्या सवयी सांभाळून घेणारा एक सैलसर प्रकार आहे, आणि व्यवहारात फिरणाऱ्या बहुतेक फायली त्याच प्रकारच्या असतात. त्या सवयी दुसऱ्या प्रोग्रॅमला ओळखून, अंदाज बांधून पाळाव्या लागतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ओळ कुठे तुटते, पान कुठे संपतं, हे साधारणपणे फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. फाइल उघडणारा प्रोग्रॅम ते दर वेळी मोजून ठरवतो. त्या मोजणीचा पाया म्हणजे फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराची रुंदी. फॉन्ट बदलला की रुंदी बदलते, ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते, आणि एका पानाचं पत्र सव्वा पानाचं होतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. वर्डमध्ये बनवलेलं कोटेशन लिबरऑफिसच्या रायटरमध्ये उघडलं आणि स्वाक्षरीचा भाग दुसऱ्या पानावर गेला. लगेच 'हे चालत नाही' असा निकाल देऊ नका. मजकुरात कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत बघा. नाव तिरप्या अक्षरांत दिसत असेल तर तो फॉन्ट या संगणकावर नाही आणि प्रोग्रॅमने त्याच्या जागी दुसरा बसवला आहे. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियासाठी कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट लिबरऑफिससोबतच येतात. अक्षरांचं वळण थोडं वेगळं, पण रुंदी तंतोतंत तीच. एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरिअर न्यू यांच्यासाठी लिबरेशन फॉन्ट आहेत. त्यामुळे या पाच जुन्या फॉन्टांतली पत्रं सहसा जागच्या जागी राहतात. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टने कॅलिब्री बाजूला सारून ॲप्टॉस हा नवा मूळ फॉन्ट आणला, आणि तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या नव्या फायलींत ही तक्रार जास्त दिसते.

फॉन्ट ठीक असेल तर कंट्रोल आणि एफ10 दाबा. न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतील, आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. 'आपला विश्वासू' उजवीकडे न्यायला कोणीतरी स्पेसबार दाबून धरलेला असतो, ठिपक्यांची रांग. तारखेआधी सात टॅब. नवं पान सुरू करायला एंटर, एंटर, एंटर. असा कागद मूळ वर्डमध्येही दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या प्रिंटरवर हललाच असता. फक्त तिथे कोणी पॅकेजला दोष दिला नसता. असे पाच-दहा साचे प्रत्येक कार्यालयात असतात आणि शेकडो कागद त्यांच्यावरूनच निघतात. एका माणसाने दोन दिवस बसून ते साचे नीट बांधले, म्हणजे परिच्छेदाला शैली, स्वाक्षरीसाठी बिनरेघांचा तक्ता, पानासाठी पेज ब्रेक, की तक्रारी एकदम खाली येतात. स्थलांतरात एकच काम करायला सवड असेल तर हे करा.

आता शीट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निर्णय सहसा इथेच अडतो.

साध्या बेरजा, टक्केवारी, इफच्या अटी, व्हीलुकअप, सशर्त रंग, पिव्होट टेबल हे सगळं कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या शीटच्या प्रोग्रॅममध्ये, आहे आणि बरंच जुनं आहे. एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट, युनिक ही नवी फंक्शनं लिबरऑफिसच्या 2024 च्या ऑगस्टमधल्या 24.8 या आवृत्तीत आली. त्याआधीची आवृत्ती कोणाकडे असेल तर एक्सेलची अशी शीट तिथे त्रुटी दाखवेल, आणि दोष 'फुकटच्या सॉफ्टवेअर'वर येईल. ओळींची मर्यादा दोन्हीकडे सारखीच, 10,48,576. रकाने 2022 मधल्या 7.4 आवृत्तीपासून 16,384, म्हणजे तेही बरोबरीला.

ओळींवरून आठवलं. तुमच्याकडे अजून एक्सएलएस या जुन्या प्रकारातल्या शीट असतील तर पॅकेज बदला किंवा बदलू नका, त्या आधी नव्या प्रकारात नेऊन ठेवा. त्या प्रकारात 65,536 ओळींपुढे जागाच नाही. 2020 च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे 15,841 रुग्ण काही दिवस मोजणीतच आले नाहीत, ते याच मर्यादेपायी. महागडं पॅकेज हाताशी होतं, पण फाइलचा प्रकार जुना होता.

चाचणी घेताना एक सापळा असतो. एक्सेलची फाइल उघडली की कॅल्क मूळ ठेवणीनुसार सूत्रं नव्याने सोडवत नाही, एक्सेलने साठवून ठेवलेली उत्तरंच दाखवतो. त्यामुळे उघडल्याबरोबर सगळे आकडे जुळतात आणि चाचणी घेणारा खूश होतो. खरी परीक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एफ9 एकत्र दाबल्यावर. त्याने सगळी शीट नव्याने मोजली जाते. आधी एकूण बेरीज कागदावर लिहून ठेवा, मग हे दाबा आणि पुन्हा जुळवा. फरक आलाच तर बहुधा तारखांत किंवा मजकूर म्हणून भरलेल्या आकड्यांत असतो. कोणीतरी '1,200' लिहिताना पुढेमागे स्पेस ठेवलेली असते, किंवा दिवस-महिना उलटे गेलेले असतात. या चुका शीटमध्ये आधीपासूनच असतात, मोजणी बदलली की उघड्या पडतात.

जिथे कॅल्क खरोखर कमी पडतो ती ठिकाणं मोजकी आहेत, पण ती असतील तर असतात. पहिलं म्हणजे व्हीबीए मॅक्रो, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हीबीए भाषेत फाइलच्या आतच लिहिलेले, काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम. फाइलच्या नावाचं शेपूट एक्सएलएसएम असेल तर आत मॅक्रो असण्याची शक्यता धरूनच चाला. कॅल्क काही व्हीबीए चालवतो, पण बटणं, भरायचे फॉर्म, एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये माहिती ओढणं अशी गुंतागुंत आली की तो मध्येच थांबतो. पगारपत्रकाची किंवा साठ्याची एखादी फाइल कोणीतरी पूर्वी लिहून दिलेली असते, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, आणि आत काय चालतं हे कोणालाच माहीत नाही. ती फाइल नव्याने लिहायला जाऊ नका. एका संगणकावर एक्सेल ठेवा आणि तिला तिथेच नांदू द्या. दुसरं, एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी आणि पॉवर पिव्होट या सोयी. वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती ओढून दर महिन्याला अहवाल काढणारा कोणी असेल तर त्याच्या हातातून एक्सेल काढून घेणं म्हणजे त्याचं काम दुप्पट करणं. तिसरं, बाहेरच्या यंत्रणेने दिलेल्या एक्सेल फायली, ज्या भरून तशाच परत द्यायच्या असतात आणि ज्यांत आतून तपासणीचे मॅक्रो असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रेझेंटेशनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. साधी पानं लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये ठीक होतात, पॉवरपॉइंटमधल्या स्मार्टआर्टच्या तयार आकृत्या आणि झुळझुळीत हालचाली बिघडतात. दुसऱ्याच्या सभागृहात, दुसऱ्याच्या संगणकावर दाखवायचं असेल तर पीडीएफही सोबत न्या. तो सल्ला पॉवरपॉइंट वापरणाऱ्यालाही लागू आहे.

मग फुकटांमध्ये कोणतं? फुकट मिळणारी सगळी पॅकेजं एका माळेचे मणी नाहीत, आणि इथे लोक सर्रास चुकीचं निवडतात.

सगळ्यात मोठा घोळ ओपनऑफिस आणि लिबरऑफिसचा. दोघांचा वंश एकच. मार्को ब्योरीस नावाच्या जर्मन मुलाने 1985 मध्ये स्टाररायटर लिहिला, त्यातून स्टारऑफिस झालं. 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि 2000 मध्ये त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, सगळ्यांसाठी खुला केला, तेच ओपनऑफिस. 2010 मध्ये ओरॅकलने सन घेतली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बरेचसे विकासक बाहेर पडून त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केलं. त्यांचं पॅकेज लिबरऑफिस. ओपनऑफिस हे नाव पुढच्या वर्षी अपाचे फाउंडेशनकडे गेलं. नाव जुनं आणि परिचित म्हणून आजही लोक तेच शोधून उतरवतात. पण त्याची 4.1 ही मालिका 2014 पासूनची आहे, तेव्हापासून फक्त तिच्यावर ठिगळं लागत आहेत, आणि ते डॉकएक्स उघडतं पण डॉकएक्समध्ये साठवत नाही. कार्यालयासाठी तेवढं एक कारण पुरे आहे. कोणी 'फुकटचं वापरून पाहिलं, बेकार आहे' म्हणालं की मी आधी विचारतो, नेमकं कोणतं होतं.

लिबरऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात. परवाना खुला आहे, कितीही संगणकांवर घाला, धंद्यासाठी वापरा, कोणी हिशेब मागत नाही. उतरवताना देणगीचं आवाहन दिसतं. ते ऐच्छिक आहे. विंडोज किंवा ॲपलच्या ॲप दुकानात याच पॅकेजला थोडी किंमत लावलेली दिसेल, तीही अधिकृत आहे, फाउंडेशनच ती लावतं. तेच पॅकेज त्यांच्या अधिकृत स्थळावर फुकट मिळतं. मात्र शोधयंत्रावर वरवर दिसणाऱ्या जाहिरातींतून कुठल्यातरी तिसऱ्याच ठिकाणाहून उतरवू नका. सोबत काय काय येईल सांगता येत नाही.

ओन्लीऑफिसचं संगणकावर चालणारं पॅकेजही फुकट आणि खुल्या स्रोताचं आहे. ते आतूनच डॉकएक्स, एक्सएलएसएक्स या मांडणीवर बांधलेलं असल्यामुळे वर्डच्या फायली बऱ्याचदा लिबरऑफिसपेक्षा जास्त हुबेहूब दिसतात, आणि चेहराही वर्डसारखा. उलट बाजू अशी की सोयी कमी आहेत आणि ओडीटी, म्हणजे ओडीएफ मानकातल्या मजकुराच्या, फायलींशी त्याचं तितकंसं जमत नाही. मॅक्रो आहेत, पण जावास्क्रिप्टचे, व्हीबीए नाही. बाहेरच्यांशी डॉकएक्सची सतत देवाणघेवाण असणाऱ्या टेबलांवर मी हल्ली आधी हेच लावून बघतो, आणि मोठे अहवाल, पुस्तकं, लांबलचक शीट यांच्यासाठी लिबरऑफिस. दोन्ही एकाच संगणकावर सुखाने राहतात.

डब्ल्यूपीएस ऑफिस फुकट मिळतं पण त्याचा स्रोत खुला नाही; फुकटच्या आवृत्तीत जाहिराती असतात आणि काही सोयी पैसे भरल्यावरच उघडतात. कार्यालयासाठी घेणार असाल तर वापराच्या अटी शेवटपर्यंत वाचा. गुगल डॉक्स हा वेगळाच प्राणी. चार जणांनी एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहायचं असेल तर त्याला तोड नाही, आणि हीच सोय संगणकावरच्या लिबरऑफिसमध्ये नाही. पण कागद दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहतात, वैयक्तिक खात्याची 15 जीबी जागा मेल आणि फोटोंसकट असते, आणि कर्मचाऱ्यांच्या खासगी खात्यांवर कार्यालयाचे कागद चढले की माणूस नोकरी सोडताना ते त्याच्यासोबत जातात. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ब्राउझरमधलं फुकट वर्ड-एक्सेलही विसरू नका; एखादी फाइल मुळात कशी दिसते हे ताडून पाहायला ते फार कामाचं आहे.

देवनागरीत काम असेल तर एक वेगळी खिंड लढवावी लागते. लिबरऑफिसच्या टूल्स मेन्यूतल्या ऑप्शन्समध्ये, भाषांच्या पानावर, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट नावाची खूण आधी चालू आहे ना ते बघा. मग प्रत्येक शैलीत दोन फॉन्ट दिसतील, एक रोमन लिपीसाठी, एक देवनागरीसाठी, आणि दोघांचे आकारही वेगळे. शैलीत आकार 14 केला तरी मराठी मजकूर 12 चाच राहतो, अशी तक्रार आली की समजायचं, रोमन लिपीच्या फॉन्टचा आकार बदललाय, देवनागरीचा राहिलाय. सगळ्या संगणकांवर एकच मोफत युनिकोड फॉन्ट घाला, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, म्हणजे कोणाकडे मंगल, कोणाकडे निर्मला असा गोंधळ होऊन पानं वरखाली होणार नाहीत. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले जुने कागद मात्र कुठल्याही पॅकेजमध्ये तो फॉन्ट नसला की अगम्य दिसणारच, कारण आत साठवलेली असतात रोमन अक्षरंच. ते परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावे लागतात आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात.

आता माणसं. तंत्राच्या अडचणींपेक्षा या अडचणी मोठ्या असतात. म्युनिक शहराच्या प्रशासनाने 2003 मध्ये लिनक्स आणि ओपनऑफिसकडे जायचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे 15,000 संगणक बदलले, आणि 2017 मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. हे उदाहरण विरोधक हमखास तोंडावर मारतात. फ्रान्सच्या जान्दार्मरी या पोलीस दलाचं कोणी सांगत नाही: त्यांनी 2005 मध्ये फक्त ऑफिस पॅकेज बदललं, पुढच्या वर्षी ब्राउझर आणि मेल, लोकांचा हात बसल्यावर मग 2008 पासून लिनक्स. अलीकडे जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये आपल्या सुमारे 30,000 संगणकांसाठी लिबरऑफिस ठरवलं, आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यदलाने 2025 मध्ये साधारण 16,000 संगणकांवर ते आणलं. दहा संगणकांच्या कार्यालयाने यातून उचलायचं ते क्रमाचं शहाणपण. ऑपरेटिंग सिस्टिम, मेल आणि ऑफिस पॅकेज एकाच सोमवारी बदलू नका. मेलचं विशेष लक्षात ठेवा: लिबरऑफिसमध्ये आउटलुकला पर्याय नाही, त्यासाठी थंडरबर्ड वगैरे वेगळं लागतं, आणि आउटलुकच्या कॅलेंडरवर कार्यालय चालत असेल तर तो स्वतंत्र प्रकल्प समजा.

कर्मचाऱ्यांची पहिली तक्रार नेहमी चेहऱ्याची असते, 'वरची पट्टी कुठे गेली?' व्ह्यू मेन्यूत युजर इंटरफेस उघडून टॅब्ड निवडा, ओळखीची मांडणी मिळते. दुसरी तक्रार मेल मर्जची, आणि ती रास्त आहे. शीटमधली नावं-पत्ते पत्रात ओढायला रायटरमध्ये आधी त्या शीटची डेटा सोर्स म्हणून नोंद करावी लागते. वर्डमध्ये हे जास्त सुटसुटीत आहे. एकदा बसवून दिलं की चालतं, पण कोणाला तरी बसवून द्यावं लागतं. जो माणूस कार्यालयात सगळ्यांना 'हे कसं करायचं' सांगतो, त्याला आधी आपल्या बाजूने घ्या. त्याने नाक मुरडलं तर बाकीचे वापरून बघणारही नाहीत.

खर्चाबद्दल सरळ बोलू. परवान्याचे पैसे वाचतात हे खरं, पण साचे बांधायचा वेळ, पहिल्या महिन्यातला मंदावलेला वेग, आणि दर काही महिन्यांनी प्रत्येक संगणकावर नवी आवृत्ती घालणारा माणूस, हा खर्च धरावाच लागतो. वर्गणीतलं पॅकेज स्वतःहून अद्ययावत होतं. इथे तुम्हाला ते बघावं लागतं. बहुतेक छोट्या कार्यालयांत पहिल्या वर्षी फार काही वाचत नाही, दुसऱ्या वर्षापासून वाचतं. जे पैशासाठी उद्याच बदलायला निघालेत त्यांना मी हे आधीच सांगून टाकतो.

आणि अनेक ठिकाणी तुलना महागडं विरुद्ध फुकट अशी नसतेच. ती चोरीची प्रत विरुद्ध फुकट अशी असते. क्रॅक केलेलं पॅकेज घालताना अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलं जातं, आणि मग त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार होतात. तसं काही तुमच्याकडे एखाद्या कोपऱ्यात असेल तर तिथून सुरुवात करा, त्या संगणकासाठी चर्चेचीही गरज नाही. खरेदी केलेलं पण जुनं पॅकेज असेल तर त्याची मुदतही बघा; ऑफिस 2016 आणि 2019 यांचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत.

प्रत्यक्ष करताना असं करा. तुमच्या सगळ्यात वाईट, सगळ्यात गुंतागुंतीच्या दहा-पंधरा फायली निवडा. चांगल्या फायलींवर चाचणी घेऊन काही कळत नाही. त्यांच्या प्रती काढा, मूळ फायलींना हात नको. दोन्ही पॅकेजं शेजारी-शेजारी ठेवून उघडा, छापा, शीट नव्याने मोजा, साठवून परत वर्ड-एक्सेलमध्ये उघडा. मग दोन मनमिळाऊ माणसांना महिनाभर त्यावर काम करू द्या आणि जिथे अडलं ते लिहून ठेवायला सांगा, 'स्लो आहे' असं नाही, फाइलचं नाव आणि काय केलं तेव्हा काय झालं असं.

फायलींच्या प्रकाराचा नियम पहिल्या दिवशी ठरवा. बाहेरून डॉकएक्स आलं आणि परत जाणार असेल तर शेवटपर्यंत डॉकएक्सच. आपल्याकडे जन्मलेला आणि आपल्याकडेच राहणारा कागद ओडीटीत. एकच फाइल दोन प्रकारांत आलटून-पालटून साठवत राहिलं की प्रत्येक वेळी थोडं काहीतरी गळतं. कार्यालयाचा बहुतेक व्यवहार बाहेरच्यांशी असेल तर ऑप्शन्समध्ये लोड-सेव्हच्या पानावर मूळ प्रकार वर्ड आणि एक्सेलचाच ठेवा. साठवताना एक इशारा येईल, तो बंद करता येतो. पाठवलेलं कोटेशन पुढे सुधारावं लागतं अशांसाठी एक कमी ओळखीची सोय आहे, हायब्रिड पीडीएफ. पीडीएफ काढताना ती खूण केली की आत मूळ ओडीएफ फाइलही बसते: समोरच्याला साधी पीडीएफ दिसते, आणि तुम्ही तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून दुरुस्त करू शकता.

एखाद्या संगणकावर पॅकेज अचानक गोठू लागलं, मेन्यू गायब झाले, तर काढून पुन्हा घालण्याआधी हेल्प मेन्यूतून सेफ मोडमध्ये सुरू करा आणि तिथे युजर प्रोफाइल मूळ स्थितीला आणा. बऱ्याच वेळा बिघाड प्रोग्रॅममध्ये नसतो, त्या फोल्डरमध्ये साचलेल्या सेटिंगांत असतो. कागदांना त्याने धक्का लागत नाही. पण स्वतः भरलेले शब्द, बदललेली बटणं आणि प्रोफाइलमध्येच साठवलेले साचे-मॅक्रो जाऊ शकतात, म्हणून त्याच खिडकीतून आधी प्रोफाइलची झिप काढून ठेवा.